आईची पाठ

आई पहाटे गेली आणि ऊन अंगणात उतरायच्या आत वांडी मामा दारात उभा राहिला. तो भेटायला आला नव्हता. त्याच्या हातात ती काळी काठी होती, आणि ती काठी तो फक्त रानाच्या कामाला बाहेर काढतो.

पुरुषांच्या त्या संघाचं नाव आमच्याकडे बायका घेत नाहीत, 'रान' म्हणतात. गावामागे सावरीच्या झाडांपाशी ताडाच्या झावळ्यांचा पडदा टांगलेला असतो. त्याच्या पलीकडे काय चालतं ते पुरुष मरेपर्यंत बोलत नाहीत आणि बायकांनी विचारायचं नाही. बायकांचंही एक रान आहे, नदीच्या अंगाला. तिथलं पुरुषांना कळत नाही, म्हणजे फिट्टंफाट झाली, असं पुरुष म्हणतात. कसली फिट्टंफाट. आमच्या रानातून आवाज आला म्हणून एकही पुरुष हातातलं ताट टाकून पळत नाही. त्यांच्या रानाचा आवाज निघाला की मात्र गावातल्या बाईने, असेल त्या घरात, असेल तशी, दार लावून बसायचं. आवाज थांबेपर्यंत उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही आणि फटीतून डोळा लावायचा नाही. पाहिलंस तर तू त्यांची झालीस. माझी आई तशीच त्यांची झाली होती.

"यात्ता," मामा म्हणाला, "तू शेजारच्या कोना म्हातारीच्या घरी जाऊन बस. हिचं सगळं आम्ही करू."

"तिला अंघोळ मी घालणार."

"ती आमची आहे."

"म्हणजे कुणाची? तुमची बहीण म्हणून तुमची, की रानाची म्हणून?"

आमच्यात आईच्या भावाला कुणी उलट बोलत नाही, मामाचा शाप लागला की पोर होत नाही म्हणतात. मला तीन झालेली आहेत आणि माझं आता सत्तेचाळिसावं चाललंय, त्यामुळे त्या बाबतीत मी मोकळी होते.

"तुम्ही तिला पुरा कुठे पुरायचं तिथे," मी म्हणाले. "जागा मला सांगू नका. पण आधी मी तिला धुणार. बो शहरातल्या दवाखान्यात बावीस वर्षं मी परक्यांची मढी धुतेय. ज्यांचं नाव माहीत नाही अशांची. आणि माझ्या आईला सहा बाप्ये मिळून धुणार, आणि मी शेजारच्या घरी कसावाची पानं निवडत बसू?"

"तुझ्या आईला, न्यान्देलाही हेच पटलं असतं."

"ते तुम्हाला कसं माहीत? तिला कधी विचारलंत?"

मामाने काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "कोनाला पाठवतो," म्हणाला, आणि गेला. आमचे इमाम त्या दिवशी नेमके तीन गावं पलीकडे एका बारशाला गेलेले होते. अशा दिवशी ते नेहमीच बारशाला गेलेले असतात.

मी अकरा वर्षांची होते तेव्हाची गोष्ट. त्या वर्षी रानाची बैठक बसली होती आणि बाबा आत होते. बैठक उठेपर्यंत आत गेलेला माणूस बाहेर येत नाही, मग घर जळो नाहीतर बायको बाळंत होवो. तिसऱ्या दिवशी बाबांना आत साप चावला. आतल्या आत पाला वाटून लावला, मंत्र म्हटले, आणि पाय मांडीपर्यंत सुजला तरी पडदा काही उघडला नाही. बाजारात बो शहराला जाणारी लॉरी उभी होती, पोती भरून तयार. आईला ही बातमी कुणी दिली ते तिने कधी सांगितलं नाही. कुणीतरी तोंड उघडलं असणार, म्हणजे त्या सगळ्या जमावात एक तरी माणूस होता.

आई हातातलं भात कांडायचं मुसळ टाकून निघाली, मी मागून धावत गेले. पडद्याशी वांडी मामा पहाऱ्याला होता, वीस वर्षांचा, मिशी नुकती फुटलेली. आई म्हणाली, "सरक." मी पाहिलंय ते. त्याने अडवलं असतं, तिचा दंड धरून मागे ढकललं असतं, तर ती बाहेर राहिली असती. त्याने इकडे तिकडे पाहिलं आणि तो बाजूला झाला. आई झावळ्या सारून आत गेली. झावळ्या पुन्हा मिटल्या.

घटकाभराने चार जणांनी बाबांना बाहेर आणून लॉरीत घातलं. म्हणजे पडदा उघडता येत होता, बरं का. पण आई बाहेर आली नाही. बाबा दुसऱ्या दिवशी बोच्या दवाखान्यात वारले. शेजारी कोणी नव्हतं. आई सतरा दिवसांनी आली. तिला मारलं नाही, आपल्यात घेतलं, असं पुरुष अजून सांगतात, जसं काही तिच्यावर उपकार केले. पाहिलेल्या बाईचं तोंड कायमचं बंद करायचे दोन मार्ग असतात आणि त्यांनी मोठ्या मनाने दुसरा निवडला.

मग आईला मान मिळाला. पुरुषांच्या बैठकीत तिला बसायला पाट, कोला म्हणजे मानाचं कडू फळ, तो फोडला की पहिली फाक तिला. आत गेलेल्यांचा स्वयंपाक तीच करणार, औषधाची पुडी तीच सांभाळणार. गावात एका वेळी अशी एकच बाई असते. नदीवरच्या बायका मात्र आई आली की बोलायच्या थांबत. त्यांना वाटे हिचा एक कान पुरुषांचा झाला. आणि पुरुषांना ती आपली वाटे ती फक्त गप्प राहण्यापुरती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात ना, तो मार माझ्या आईने छत्तीस वर्षं खाल्ला, वर कोल्याची पहिली फाक चघळत.

मला यातलं काही त्या वयात कळत नव्हतं. मला एवढंच कळलं की आई आता नदीवर अंघोळीला येत नाही. आधी आम्ही रोज जायचो. तिची पाठ मी घासायची आणि माझी तिने. काथ्याने घासून झालं की ती म्हणायची, अजून जोरात, तुझ्या हातात काय भाताचा जोर नाही का. रानातून आल्यावर तिने घरामागे चटया उभ्या करून न्हाणी केली आणि उजाडायच्या आधी एकटी अंघोळ करू लागली. एकदा मी चटईबाहेरून विचारलं, "पाठ घासू?" ती म्हणाली, "नको."

बस. छत्तीस वर्षांत तेवढंच. उकाड्यात गावातल्या म्हाताऱ्या कमरेच्या वर काही न घालता ओसरीत बसतात, माझी आई गळ्यापर्यंत बटणं लावून बसायची. लढाईच्या वर्षांत आम्ही जंगलात लपलो होतो, तिला हिवताप भरला, पोलकं घामाने चिंब झालं, मी बदलायला गेले तर तापातसुद्धा तिने माझा हात धरला. "नको." मी नर्सांच्या हाताखाली काम करणारी बाई. मला काय कळायचं ते कळलं होतं. पण तिने सांगितलं नाही आणि मला राग येत राहिला. त्यांचा तर यायचाच, तिचाही यायचा.

तर कोना आजी आली. कोना आजी म्हणजे बायकांच्या रानाची मुख्य, ऐंशीच्या घरातली, तोंडात दात तीन आणि तपकिरीची डबी कमरेला. आईशी नदीवर न बोलणाऱ्यांत हीही होती, पण लढाईनंतर आपल्या वाट्याचा तांदूळ आईने तिला दिला तेव्हापासून दोघी संध्याकाळी एकत्र बसत. बोलत काही नसत. अळीमिळी गुपचिळी.

"चल गं," ती म्हणाली. "हट्ट केलास म्हणून मढं काही उठून बसत नाही."

"तुलासुद्धा मामानेच पाठवलं ना?"

"पाठवलं. नाहीतर मग दोन दांडगे येतील आणि तुझे दंड धरून ओढत नेतील. आईसमोर तसं नेऊन घ्यायचंय का तुला? तिने आत सोसलीय एकदा दांडगाई. पुन्हा कशाला दाखवतेस?"

मी आईकडे पाहिलं. जबडा मी बांधला होता, डोळे मिटले होते, आणि बटणं गळ्यापर्यंत. मी साबण आणला होता बोहून, चांगला, वेष्टनातला, तिला आवडायचा तसा वासाचा. तो मी उचलून परत पिशवीत टाकला. रागाने मला रडू येत होतं आणि रडू येतंय याचा आणखी राग. पाणी तापवून ठेवलं होतं, दोन पिंपं भरून ठेवली होती, पांढरं कापड घडी करून ठेवलं होतं, आणि मी निघाले होते. मी एक पाय दाराबाहेर टाकला.

तेवढ्यात रानाचा आवाज आला.

तो कशाचा आवाज असतो ते मला माहीत नाही, असं मी म्हणायचं असतं. रानातला देव ओरडतो. त्या देवाला मोरीबा शिंप्यासारखाच दमा आहे, तिसऱ्या हाकेनंतर त्याला खोकला येतो, हे गावातली प्रत्येक बाई जाणते आणि कुणी बोलत नाही. आवाज अगदी जवळून आला, आमच्या कुंपणामागून. गल्लीभर दारं धाडधाड लागली. कुणाची तरी कोंबडी बाहेर राहिली ती ओरडत होती.

कोना आजीने माझ्या कमरेचं कापड धरून मला आत ओढलं, दार लावलं, अडसर घातला. म्हातारीला एवढी ताकद कुठून आली कोण जाणे. मग ती दाराला पाठ लावून खाली बसली आणि हसू लागली. तीन दातांनी, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"काय झालं?" मी म्हणाले.

"अगं, असेल त्या घरात. असेल तशी." ती म्हणाली. "आपण कुठे आहोत?"

मला कळायला जरा वेळ लागला. मी आईकडे पाहिलं, पिंपांकडे पाहिलं.

बाहेरून वांडी मामाचा आवाज आला, दबका, पण गल्लीत दुसरा आवाज नव्हता म्हणून सगळं ऐकू आलं. "तुला कुणी सांगितलं होतं आत्ताच? त्या बाहेर पडल्यावर म्हटलं होतं ना मी?" त्यावर कुणीतरी काहीतरी पुटपुटलं आणि खोकलं.

"देवाला रागावतोय," कोना आजी मला म्हणाली. "पाप लागेल त्याला."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. मला कोना आजीच्या घरात कोंडायला, गल्ली रिकामी करायला आवाज काढायचा ठरला होता. मोरीबाने मला उंबऱ्याबाहेर पाय टाकताना पाहिलं आणि काम झालं समजून फुंकलं. आता मृताला न्यायला आलेला आवाज रिकाम्या हाताने परत जात नाही, तो त्यांचा कायदा. आणि आवाज दारात असताना बाई असलेल्या घराचं दार उघडत नाहीत, तोही त्यांचाच.

दारावर काठी वाजली. "कोना, ती बाहेर आहे ना?"

"कशी असेल? आवाज आला ना. आम्ही दोघी आत आहोत कायद्याने."

बाहेर कुजबूज झाली.

"अडसर काढा," मामा म्हणाला. "डोळे मिटून उभ्या राहा, आम्ही तिला घेऊन जातो."

"म्हातारीच्या पापण्यांचं काय खरं, वांडी. फडफडतात. चुकून दिसलं तर?"

एक तरुण आवाज म्हणाला, "दिसलं तर दोघींना आत घेऊ. जागा रिकामीच झालीय."

कोना आजीने तपकिरीची चिमूट ओढली, शिंकली, आणि मग बोलली. तिचा आवाज चढला नाही. "मला घ्या ना. कोण रे तू, सोवुलाचा धाकटा का? तुझ्या दोन्ही बहिणी आत्ता माझ्या रानात आहेत. त्यांना परत कोण आणणार मग? उद्यापासून गावात एक चूल पेटणार नाही, एक बाळंतीण सोडवायला बाई मिळणार नाही. घ्या मला. मी म्हातारी आहे, मला काय, तुमच्या हातचं आयतं खाईन."

मग आवाज सुरू झाला, कारण त्यांना दुसरं काही करता येईना. थांबवलं तर परत गेल्यासारखं होतं.

"फुंकू दे," कोना आजी म्हणाली. "दम संपला की आपोआप बोलणी करतील. तुला किती वेळ लागतो एक अंग धुवायला?"

मी पिशवीतून साबण काढला.

मी घाई केली नाही. परक्यांना धुताना मी घाई करते, खोलीबाहेर दुसरा थांबलेला असतो. आईचे पाय आधी धुतले, टाचांच्या भेगांतली लाल माती काथ्याने काढली. हात धुतले. नखांत पामतेलाचा पिवळा रंग मुरलेला होता, तो निघाला नाही, राहू दिला. केस सोडून धुतले, विंचरले, पुन्हा घट्ट वेण्या घातल्या. बाहेर मोरीबा फुंकत होता, खोकत होता, पुन्हा फुंकत होता, आणि मी एकेक वेणी घालत होते. खरं सांगते, इतकं बरं मला किती वर्षांत वाटलं नव्हतं. त्यांचाच पहारा, त्यांचंच शिंग की देव काय असेल ते, आणि आत माझी आई माझ्या मांडीवर.

मग बटणं राहिली.

माझा हात गळ्याशी जाऊन थांबला. कोना आजीने ते पाहिलं. तिने तोंड दाराकडे वळवलं आणि पाय जवळ घेऊन बसली.

"पाठ तू एकटी धू," ती म्हणाली. "मी इथे आहे. धू, पण पाहू नकोस."

"न पाहता कसं धुवायचं?"

"आम्ही जन्मभर कशा राहिलो?"

मी बटणं काढली. सात होती. पोलकं खांद्यांवरून उतरवलं आणि एका हाताने तिला कुशीवर वळवलं, एकटीने मढं वळवायची एक पद्धत आहे, गुडघा आधी दुमडायचा. ती हलकी होती.

आणि मी पाहिलं. दवाखान्यातली बाई मी, डोळे मिटून मला काम करताच येत नाही.

खुणा होत्या, एवढं सांगते. केलेल्या, एका दिवसात न झालेल्या. कशा, किती, कुठून कुठवर, काय काढलं होतं, चांगल्या भरून आल्या होत्या की नव्हत्या, ते सांगणार नाही. पुरुषांचं गुपित आहे म्हणून नव्हे. त्यांचं गुपित मी उद्या बोच्या बाजारात मिरच्यांच्या वाट्याबरोबर फुकट देईन. झाकली मूठ सव्वा लाखाची, उघडली तर आत काय असतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण पाठ आईची होती. ती तिने मला दाखवली नव्हती. मी विचारलं होतं आणि ती 'नको' म्हणाली होती, दोनदा. आता तिला नको म्हणता येत नव्हतं आणि मी पाहत होते. दाराबाहेरचे जे करत आले तेच, विचारल्यावाचून. हे मला तिथे पाणी ओतताना कळलं आणि मला स्वतःची किळस आली.

मग मी काथ्या बाजूला ठेवला. साबण हाताला लावून नुसत्या तळव्याने पाठ धुतली, वरून खाली, पुन्हा वरून खाली, जशी अकराव्या वर्षी धुवायचे तशी नाही. तेव्हा मी जोर लावायचे. रडून घेतलं तेवढ्यात. मी रडत असताना कोना आजी दाराकडे तोंड करून डबीचं झाकण उघडत मिटत राहिली.

पुसलं, उताणं केलं, पांढरं कापड खाली सरकवलं. आवाज बंद पडला होता. मोरीबाचा दम संपला असावा. पावलं लांब गेल्यासारखी वाटली, आणि मग एकच माणूस दाराशी येऊन बसला, लाकडाला खांदा टेकल्याचं कळलं.

"यात्ता."

"काय?"

"सगळ्यांना सावरीखाली पाठवलंय. मी एकटाच आहे." मामाचा आवाज वेगळाच होता, फळीच्या अगदी जवळ तोंड नेल्यासारखा. "धुतलंस?"

"हो."

"पूर्ण?"

कोना आजीने मान वर केली.

"तिची पाठ," मामा म्हणाला. "नीट झाली होती का गं शेवटी? त्या वेळी एका बाजूने पू धरला होता. मी विचारू शकत नव्हतो. आत विचारत नाहीत, बाहेर बोलत नाहीत. छत्तीस वर्षं तिच्या हातचा भात खाल्ला मी. मला फक्त एवढंच सांग. हात माझेच होते. मला म्हणाले, तू सोडलंस तिला आत, आता तूच कर. मी वीस वर्षांचा होतो."

कोना आजी माझ्याकडे बघून जोरजोरात मान हलवत होती. नको, नको. तिला वाटलं फास आहे. मी 'हो' म्हटलं की पाहिल्याचं कबूल झालं, आणि रिकामी जागा समोरच आहे. पण मी त्याला लहानपणापासून ओळखते. फास नव्हता. तो रानाचा माणूस नव्हता त्या वेळी, तो बहिणीबद्दल विचारत होता. जन्मभर तोंड मिटून बसलेला माणूस, गल्ली रिकामी करून, दाराच्या फटीशी, कायदा मोडून विचारत होता. दोन शब्दांचं काम होतं. झाली होती. किंवा नव्हती.

दया येईल म्हणून मी थांबले. आली नाही. मला तो पडदा दिसला, आणि इकडे तिकडे पाहून बाजूला झालेला तो. मला बोच्या दवाखान्यात एकटे पडलेले बाबा दिसले. आज सकाळी काठी घेऊन दारात आलेला दिसला, ती आमची आहे म्हणणारा. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून. छत्तीस वर्षं आईला कुणी विचारलं नाही, दुखतंय का, बरं आहे का. आता ती गेल्यावर विचारतोय, ते तिच्यासाठी नाही, स्वतःला झोप लागावी म्हणून.

"कसली पाठ, मामा?" मी म्हणाले. "मी डोळे मिटून धुतलं. बायकांनी पाहायचं नसतं ना."

दाराला टेकलेला खांदा बाजूला झाला.

मी सुई घेतली. कापड दोन्हीकडून ओढून आणलं आणि डोक्यापासून शिवायला सुरुवात केली. आमच्याकडे शिवलेलं कफन पुन्हा उसवत नाहीत, ते पुरुषांच्या रानातही नाही, एवढा एक कायदा सगळ्यांचा सारखा आहे. मी दुहेरी दोरा घेतला. टाके बारीक घातले. पायाशी येऊन गाठ मारली आणि दोरा दातांनी तोडला.

मग कोना आजीने बोलणी केली. आम्ही दोघींनी आईला उंबऱ्याशी नेऊन ठेवलं, अडसर काढला, आणि डोक्यावरून कापडं घेऊन भिंतीकडे तोंड करून बसलो. दार उघडलं. उन्हाची झळ मागून मानेला लागली. पावलं आली, सहा माणसांची, आणि एकाने खाली बसून कापडावर हात ठेवल्याचं ऐकू आलं. हात वरपासून खालपर्यंत सरकत गेला, शिवणीवरून. कुठे सैल आहे का पाहत असणार. कुठेच नव्हतं.

"उचला," मामा म्हणाला.

तिला कुठे पुरलं ते मला माहीत नाही. चाळिसाव्या दिवशी मी गावी गेले, भात शिजवला, पानांची भाजी केली, मामाला पहिलं ताट मीच वाढलं. तो आता वाकलाय, काठी खरोखरीच टेकायला लागते. जेवताना तो दोनदा माझ्याकडे पाहत राहिला आणि दोनदा ताटाकडे वळला. कोला फोडला तेव्हा पहिली फाक त्याने माझ्यापुढे धरली, सगळ्यांसमोर. मी घेतली नाही.

"नको," म्हणाले.